हार्ड डिस्कची चौकशी

स्थळ बघताना साहेबांनी मुलाच्या घरी जाऊन मुलगा कधी पाहिला नाही. ते शेजारच्या घरी जात. शेजारी नसेल तर समोरच्या किराणावाल्याकडे, तोही नसेल तर धोब्याकडे. मुलाच्या घरात गेलं की पोहे मिळतात, माहिती मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. इंदुरात जन्म काढून पोह्यांबद्दल इतकं तुच्छतेनं बोलणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

ते शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले शाळा तपासनीस होते आणि आमच्या मराठी वधू-वर मंडळाचे सचिव होते. मंडळ म्हणजे तुकोगंजातल्या एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. बुटांच्या रिकाम्या खोक्यांत कार्डं लावलेली असत, मुलींची गुलाबी आणि मुलांची पांढरी. संस्थानच्या काळात इकडे आलेली मराठी घराणी आता बँका, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत विखुरली होती आणि त्यांची लग्नं या खोक्यांतून जमत. मी बँकेत कारकून होतो म्हणून मला खजिनदार केलं होतं. खजिना म्हणावा असं तिथं काही नव्हतं, पण पावत्या फाडायला कोणीतरी लागतो.

साहेबांच्या अंगात तपासनीस मुरलेला होता. कळवून गेलं की शाळा स्वच्छ दिसते, म्हणून आयुष्यभर ते न कळवता गेले, आणि निवृत्तीनंतर स्थळं बघायलाही तसेच जात. कोटाच्या खिशात लौंग सेवची, म्हणजे लवंग घातलेल्या तिखट शेवेची, पुडी असे. ज्याच्याकडून माहिती काढायची त्याच्या हातावर ते आधी चिमूटभर सेव घालत. "सेव खाताना माणूस विचार करून बोलत नाही," असं ते मला एकदा गंभीरपणे म्हणाले होते. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. मग आठवलं की माझ्या पगाराची खरी रक्कम त्यांना मी तशीच सांगून बसलो होतो.

गौतमपुऱ्याच्या एका मुलाची गोष्ट मंडळात पुष्कळ दिवस चालली. कार्डावर 'स्वभाव अत्यंत शांत' असं लिहिलेलं. सगळे घरीच सापडतील म्हणून साहेब नेमके दिवाळीच्या पाडव्याला गेले. त्या दिवशी गौतमपुऱ्यात हिंगोट असतं, म्हणजे गावातले दोन पक्ष फळांच्या कवटीत फटाक्याची दारू भरून, पेटवून, ती एकमेकांवर फेकतात. आमचा अत्यंत शांत मुलगा डोक्याला फेटा बांधून, हातात ढाल घेऊन सगळ्यांत पुढे उभा होता आणि त्याच्या सदऱ्याची एक बाही जळून गेली होती. साहेबांनी सुरक्षित अंतरावर उभं राहून त्याच्या शेजाऱ्याला सेव दिली, चौकशी पुरी केली, आणि परत येऊन कार्डावर शेरा लिहिला : 'शांत. पाडवा सोडून.' मुलीच्या वडिलांना म्हणाले, "होकार द्या." ते लग्न झालं आणि उत्तम चाललं आहे.

'होकार द्या' हे दोन शब्द ऐकायला लोक देवासहून, महूहून येत. साहेबांनी ते म्हटले की मुलीकडचे पुढे काही विचारत नसत, सरळ मुहूर्त काढायला जात.

मंजू ही त्यांची एकुलती मुलगी. आई लहानपणीच गेलेली. मंजूसाठी जबलपूरचं एक स्थळ आलं तेव्हा साहेबांनी केली तशी चौकशी मंडळाच्या इतिहासात झाली नसेल. ते तिथं धर्मशाळेत मुक्काम टाकून राहिले. मुलगा ज्या भाजीवालीकडून भाजी घेई तिच्याकडून त्यांनी भाजी घेतली, आणि धर्मशाळेत चूल नसल्यामुळे ती तिथल्या गाईला घातली. त्याच्या ऑफिसातल्या चपराशाला भेटले, त्याच्या न्हाव्याकडे दाढी करून आले. सगळीकडून एकच उत्तर मिळालं की मुलगा सोनं आहे. मग साहेबांनी स्वतःलाच होकार दिला.

लग्नाला वर्ष उलटून गेल्यावर मंजू एक ट्रंक घेऊन बसमधून परत आली. मुलगा पीत नव्हता, मारत नव्हता, त्याचं बाहेर कुठं काही नव्हतं. त्यानं तिच्याशी बोलणं बंद केलं होतं, एवढंच. वाढलं की जेवायचा, हात धुवायचा, पेपर उघडायचा. भांडण नाही, कारण नाही, नुसता गप्प. शेजाऱ्यांशी मात्र तो हसूनखेळून बोलत असे, त्यामुळे साहेब पुन्हा चौकशीला गेले असते तरी तोच रिपोर्ट घेऊन आले असते.

त्यानंतर साहेबांच्या तोंडून 'होकार द्या' गेलं ते गेलंच. चौकशा चालू होत्या, उलट वाढल्या होत्या. पण शेवटी मुलीचे वडील समोर येऊन बसले की ते म्हणत, "वैसे वाईट काही नाही दिसलं. लेकिन आणखी एकदा जाऊन येतो." ते जाऊन येईपर्यंत मुलाचं दुसरीकडे जमलेलं असे. मंडळाची लग्नं आटत चालली. लोक मागून कुजबुजत, आणि मला त्या माणसाचं फार वाईट वाटे, कारण इतरांनी दोष दिला नाही तेवढा तो स्वतःला देत होता आणि कोणाला दिसू देत नव्हता.

अशात मंडळाला कंप्यूटर मिळाला. एका ट्रान्सपोर्टवाल्या सभासदानं ऑफिससाठी नवा घेतला आणि जुना आम्हाला देणगी दिला. शहरात कंप्यूटर असलेली ऑफिसं तेव्हा बोटावर मोजण्याइतकी होती, त्यामुळे आम्ही त्याला हार घातला. नंतर कळलं की त्यात हार्ड डिस्क नाही. ती बंद पडली म्हणून काढून टाकली होती आणि म्हणूनच आमच्यावर ही कृपा झाली होती. मशीन फ्लॉपीवर चाले, पण सगळी कार्डं एका फ्लॉपीत मावत नसत. मुलगी एका फ्लॉपीत आणि तिला शोभेलसा मुलगा दुसरीत, अशी अवस्था झाली.

मंजूनं परत आल्यावर कंप्यूटरचा क्लास केला होता. कमिटीनं ठरवलं की हार्ड डिस्क घ्यायची, कार्डं मशीनमध्ये भरायची आणि त्या कामावर मंजूला पगारी ठेवायचं. ठराव झाला त्या दिवशी ती मला जिन्यात भेटली. मला ती दादा म्हणे.

"घरी बसले की लोक मला बघायला येतात, दादा," ती म्हणाली. "इथे बसले तर कामाला येतील."

डिस्क निवडायचं काम अर्थातच साहेबांकडे गेलं. चौकशीत त्यांचा हात धरणारा इंदुरात कोणी नव्हता. कमिटीला वाटलं, आठवड्याभराचं काम. माझी स्कूटर असल्यामुळे मी आपोआप सोबत गेलो.

तुकोगंजातल्या डीलरनं आमच्यापुढे दोन कंपन्यांची रंगीत माहितीपत्रकं ठेवली, एक अमेरिकेची आणि एक सिंगापूरची. साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाहीत. "हा बायोडाटा आहे, भिया," ते मला म्हणाले. "बायोडाटात कोणी खोकत नाही." मग त्यांनी डीलरला विचारलं की या दोन्ही घराण्यांतल्या डिस्का गावात कुठं कुठं दिल्या आहेत. 'विकल्या' असं ते कधीच म्हणाले नाहीत.

आम्ही एका मिलच्या ऑफिसात गेलो. मॅनेजरनं केबिनमध्ये बसवून आपल्या मशीनची स्तुती केली. साहेबांनी ती ऐकून घेतली, चहा नाकारला आणि खाली टपरीवर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं कंप्यूटर चालवणारा ऑपरेटर तिथं आला. साहेबांनी त्याच्या हातावर सेव घातली.

"कैसी चल रही है?"

"ठीक है बाबूजी, बस आवाज करती है।"

"कैसी आवाज?"

"जैसे कोई दाल बीन रहा हो।"

डाळ निवडल्यासारखा आवाज म्हटल्यावर मला वाटलं, अमेरिकेचं स्थळ गेलं. परत येताना मी तसं म्हणालोही. साहेब मागच्या सीटवरून म्हणाले, "नाही नाही. ते चांगलं आहे. आवाज करते, मतलब काही चाललं आहे ते कळतं. बोलणारं बरं असतं." मी स्कूटर हळू घेतली.

सिंगापूरवाली एका पॅथॉलॉजीत होती. तिथली रिसेप्शनिस्ट मराठी होती, साहेबांच्या कुठल्या तरी शाळेतली. "छान आहे, सर," ती म्हणाली. "थंडीत जरा उशिरा उठते. तब हम लोग दोन थापट्या मारतो, मग चालू." साहेबांचा चेहरा पडला. थंडीत उशिरा उठणारी पुढं कधी तरी उठणारच नाही, हे त्यांचं तर्कशास्त्र होतं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होतं. पुढं मी या विषयातल्या जाणकारांना विचारलं तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. ज्यांचं चांगलं चाललं आहे ते चांगलंच सांगणार, तेव्हा ज्यांचं बिनसलं त्यांना भेटलं पाहिजे, असं साहेबांच्या मनानं घेतलं. आम्ही पुन्हा डीलरकडे गेलो. बंद पडलेल्या डिस्कांचे पत्ते द्या, असं साहेब त्याला शांतपणे म्हणाले.

"बंद पड़ी हुई का पता कौन देता है, बाबूजी?" डीलर हसला.

साहेबांनी ते पत्ते स्वतः मिळवले. कसे मिळवले ते विचारू नका, पण त्यात बरीच सेव संपली. आम्ही एका वकिलाकडे गेलो, एका शाळेत गेलो, एका तेलाच्या व्यापाऱ्याकडे गेलो. सगळीकडे मेलेली डिस्क कपाटावर जपून ठेवलेली असे, टाकवत नाही म्हणून. साहेब ती हातात घेऊन उलटसुलट करत आणि विचारत, आधी काही लक्षण दिसलं होतं का? उत्तर बहुतेक एकच येई. काही नाही, काल रात्रीपर्यंत उत्तम होती. अमेरिकेचीही तशीच आणि सिंगापूरचीही तशीच. ज्या घराण्यात कोणी मेलं नाही असं घराणं साहेबांना हवं होतं आणि ते मिळत नव्हतं.

महिने गेले. मंजू रोज येई, कंप्यूटरवरचं कापड काढी, फ्लॉप्या बदलत बसे, संध्याकाळी कापड घाली. दिवाळीनंतरचा परिचय मेळावा जवळ येत होता. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते आणि धीर हा त्यांच्या धंद्यात पेशंटनं धरायचा असतो. ते म्हणाले, "मेळाव्याच्या आधी मुलामुलींची लिस्ट नाही निघाली तर काम बाहेर टायपिंगवाल्याला देऊन टाकू. मग मंजूची पोस्ट ठेवून काय करून राहिलो आपण?" हे मंजूच्या समोरच बोलले. ती फ्लॉप्या बदलत राहिली.

मी निकरावर येऊन साहेबांना डीलरकडे नेलं. म्हटलं, आज काय ते ठरवून टाकू. डीलरनं चहा मागवला. साहेबांनी विचारलं, गॅरंटी किती? एक वर्ष. "उसके बाद?" डीलर म्हणाला, उसके बाद भगवान. साहेब म्हणाले, बात अशी आहे की वर्षानंतरच तर खरं कळतं. आणखी एकदा सगळीकडे जाऊन यावं म्हणतो.

डीलर मनानं वाईट नव्हता. त्याला काही माहीतही नव्हतं. तो थकून म्हणाला, "बाबूजी, हार्ड डिस्क ले रिये हो, जमाई थोड़ी ले रिये हो।"

साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. "सही बोले आप," असं म्हणून ते उठले आणि बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले. मला त्या डीलरचा राग आला आणि त्याच्यावर रागवायला काही कारण नाही हेही कळत होतं. मी साहेबांना घरी सोडलं. उतरल्यावर म्हणाले, "जबलपूरला मी सगळ्यांना सगळं विचारलं. तो घरात बोलतो का, हे नाही विचारलं."

"असं कोण विचारतं, साहेब?"

"मी विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले आणि फाटक लावून आत गेले.

त्यानंतर त्यांनी डिस्कचा विषयच काढला नाही. कोणी काढला तर म्हणत, बघून राहिलो आहे.

एका दुपारी मंजू बँकेत माझ्या काउंटरवर आली. "दादा, डिस्कचा चेक लिहून द्या."

"साहेबांना विचारलंस?"

"त्यांची सही लागत नाही. तुमची आणि अध्यक्षांची लागते. अध्यक्षांची मी आणते."

मी चेक लिहिला. साहेबांच्या माघारी एवढं मोठं काम मी कधी केलं नव्हतं, आणि शाळेत तपासणी असल्यासारखी मी माझी सही दोनदा तपासून पाहिली.

शनिवारी कमिटीची बैठक होती. साहेब आपल्या खुर्चीवर बसून, आणखी थोडी मुदत का हवी ते समजावून सांगत होते. तेवढ्यात मंजू खोकं छातीशी धरून जिना चढून आली. टेम्पोतून येताना धक्का लागू नये म्हणून तिनं ते सगळी वाट मांडीवर घेतलं होतं. तिच्या मागून डीलरचा इंजिनीयर स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

साहेबांनी खोक्याकडे पाहिलं. "कोणती आणलीस?"

"दुकानात होती ती."

"चौकशी?"

"नाही केली."

"आणि बंद पडली तर?"

"पडणारच आहे, बाबा," मंजू म्हणाली. "क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात. कोणतीही घ्या, एक दिवस बंद पडते. म्हणून रोज काम संपलं की सगळ्याची कॉपी काढून वेगळी ठेवायची."

अध्यक्ष खाकरले. मी पावतीपुस्तक उगाच उघडलं. साहेब एवढंच म्हणाले, "बसव." ते आयुष्यभर वर्गात पोरांना असंच 'बस' म्हणत आले असणार, तोच सूर होता. बैठक तिथंच संपली.

मेळाव्याच्या आधी लिस्ट निघाली. मंजूची खुर्ची कायम झाली, आणि मुलींचे वडील तिच्यापुढे अदबीनं उभे राहून 'मॅडम, जरा आमचं बघा' म्हणू लागले. साहेबांनी डिस्कशी वैर धरलं नाही. पण चौकशी न झालेलं स्थळ घरात आल्यावर वडीलधारी माणसं जशी वागतात तसे वागत. रोज संध्याकाळी येऊन मंजूला विचारत, "झोपवलीस का?" त्या काळी मशीन बंद करण्याआधी डिस्कला एक हुकूम देऊन खरोखरच झोपवावं लागे. मग ते मशीनच्या खोक्याला कान लावून थोडा वेळ उभे राहत आणि घरी जात.

डिस्क उन्हाळ्यात गेली. दुपारी लाइट गेले, आले, पुन्हा गेले. परत आले तेव्हा पडद्यावर काहीच उमटेना. साहेब नेमके तिथंच होते.

"मंजू, ही काही बोलत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी पावत्या सोडून वर पाहिलं.

मंजूनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा एकदा केलं, आणि मग डीलरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी इंजिनीयर नवी डिस्क घेऊन आला. मंजूनं टेबलाच्या खणातून फ्लॉप्या काढल्या आणि एकेक करून घालायला सुरुवात केली. साहेब तिच्या मागं उभे होते. दुपारपर्यंत सगळी मुलं आणि सगळ्या मुली आपापल्या जागी परत आल्या.

"काय गेलं?" साहेबांनी विचारलं.

"शेवटच्या दिवसाचं सकाळचं काम. ते मी आज पुन्हा घालते."

"फक्त तेवढंच?"

"तेवढंच."

साहेब स्टूल ओढून बसले. "आणखी थोडी चौकशी करायला पाहिजे होती मी," ते म्हणाले.

मंजूनं हातातली फ्लॉपी खाली ठेवली. "हिची कुठे केली तुम्ही? ही मी आणली होती. तुम्ही जबलपूरची केली होती, आणि ती पूर्ण केली होती. त्यात काही राहिलं नव्हतं, बाबा."

"मग असं कसं झालं?"

"झालं. बंद पडलं. पण मी आले ना परत? तुम्ही दार उघडलंत, ट्रंक आत घेतली, काही विचारलं नाही. बाकी सगळं माझं माझ्याजवळ आहे."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण उठलो असतो तर खुर्ची वाजली असती. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण ऑफिस होतं. मग ते खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिले. मंजूनं पुढची फ्लॉपी घातली.

काही दिवसांनी देवासचे एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलीचं स्थळ साहेबांकडे चौकशीत अडकून फार दिवस झाले होते आणि ते आता कार्ड परत मागायच्याच तयारीनं आले होते. साहेबांनी त्यांना बसवलं आणि म्हणाले, "मुलगा चांगला आहे. होकार द्या."

मंजूचे हात की-बोर्डवर थांबले. गृहस्थांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मुहूर्ताला उशीर नको म्हणून लगबगीनं उठले.

"बसा जरा," साहेब म्हणाले. "मुलगी सासरी गेली की तिच्या खोलीचं काय करणार?"

"खोलीचं? किरायानं देऊन टाकू, साहेब. कॉलेजातला एक पोरगा विचारूनही राहिला आहे."

"देऊ नका. राहू द्या तशीच."

गृहस्थांचा चेहरा उतरला. "साहेब, शुभ कामात हे काय बोलून राहिले तुम्ही? मुलात काही कमी आहे का? साफ सांगा."

"काही कमी नाही. मी सगळीकडे विचारून आलो आहे."

"तरी?"

"तरी," साहेब म्हणाले.